नेमून पडलेली पाकळी

सत्यवानच्या पायातली डावी चप्पल कसालच्या मोटारस्टँडवर मागे राहिली, आणि ते त्याच्या लक्षातच आलं नाही. एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी, असा तो दहा-बारा पावलं चालत गेला. ऊन तापलं होतं, पायाखाली खडी होती, तरी त्याने एकदाही खाली पाहिलं नाही.

भोवती गर्दी मावत नव्हती. एकोणीसशे बासष्टचा कार्तिक सरत आला होता आणि पेंडवळ गावचा सत्यवान चार वर्षांनी मुंबईहून जत्रेसाठी आला होता. स्टँडसमोरच्या केशकर्तनालयात त्याचं रंगीत चित्र आरशाशेजारी चिकटवलेलं होतं. लाल चड्डी, हाताची घडी, खाली ठळक अक्षरांत 'तुफान सत्यवान'. मुंबई, इंदूर, कोलंबो, रंगून, सिंगापूर अशा ठिकाणी फ्रीस्टाईल कुस्त्या खेळून आलेला हा पैलवान आपल्या तालुक्यातला, हे त्या न्हाव्याने येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला निदान दोनदा तरी सांगितलं असेल.

चप्पल उचलली ती सदानंदने. सत्यवानचा हा धाकटा भाऊ, बारा वर्षांनी लहान. कोल्हापुरात बी.एस्सी. करून तो दोन वर्षांपूर्वी कसालच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागला होता. एखादी गोष्ट एकदा घडली तर तो ती सोडून देई. दुसऱ्यांदा घडली की त्याचं लक्ष तिथे चिकटून बसे. त्या संध्याकाळी घरच्या खळ्यात दादाची डावी चप्पल पुन्हा सुटली. दुसऱ्या दिवशी देवळाच्या पायऱ्यांवर तिसऱ्यांदा. तिन्ही वेळा डावीच. शिवाय सदऱ्याची बटणं लावायला त्याला फार वेळ लागत होता आणि लावताना तो बोटांकडे टक लावून बघत होता, जणू ती दुसऱ्या कुणाची बोटं होती.

तिसऱ्या दिवशी सत्यवान विहिरीवर आंघोळीला गेला असताना आई, आनंदीबाई, म्हणाली, "सदा, दादान माका लुगडा आणलाहा म्हणता. ट्रंकेतसून काढ बघया."

लुगड्याखाली एक मोठं तपकिरी पाकीट होतं. त्यात क्ष-किरणांची काळी फिल्म होती. सदानंदने मागीलदारी जाऊन ती आभाळासमोर धरली. मानेचे मणके एकावर एक रचलेले दिसत होते, आणि वरून पाचवा त्याच्या खालच्यावरून पुढे सरकला होता. गवंडीकाम येत नसलेल्या माणसालासुद्धा भिंतीतली एक वीट बाहेर आलेली कळते, तसं ते कळत होतं. सोबत मुंबईच्या एका डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी होती, चार महिन्यांपूर्वीची. कुस्ती पूर्ण बंद करावी. मानेवर आणखी एक जोराचा आघात झाल्यास मानेखालचं सगळं शरीर कायमचं लुळं पडेल, कदाचित जीवही जाईल.

आणि जत्रेला बारा दिवस होते. जत्रेच्या दुपारी सत्यवानची कुस्ती ठरली होती.

ती स्टँडवरच ठरली होती. गर्दीतून वरच्या वाडीचा दत्ताराम पुढे आला होता. बावीस वर्षांचा, भातशेती करणाऱ्यांच्या घरातला, दोन वर्षं कोल्हापूरच्या तालमीत घाम गाळून आलेला. त्याने सत्यवानच्या पायांना हात लावला आणि कुणीतरी हौसेने ओरडलं, "लावा रे दोघांची जत्रेक!" सत्यवान हसून लगेच हो म्हणाला होता.

सदानंद विहिरीवर गेला. सत्यवान डोक्यावर पाणी ओतत होता, पण कळशी खांद्यापेक्षा वर नेत नव्हता. मान पुढे करून तिच्याखाली वाकत होता.

"दादा, फोटो बघलंय मी. मानेचो."

सत्यवानने कळशी खाली ठेवली. "आयेक दाखयलंस?"

"नाय."

"दाखव नको. तिका सांगशीत तर मी उद्याच्या गाडयेन परत जातलंय आणि थंय खेळतलंय. मगे तारच येतली तुका."

तो विहिरीच्या काठावर बसला. ओल्या अंगाने तो दगडात कोरल्यासारखा दिसत होता. कुठे काही बिघडलं असेल असं कुणाला वाटलं नसतं.

"ह्या झाला कसा?"

"इंदुराक. हंगेरीचो राक्षस म्हणान एक आसा. चित्रार बघलंस तर झोप येवची नाय. खरो तो म्हापशाचो फर्नांडिस. बायलेक असो भियाता, काय सांगू तुका! तेना माका डोक्यार उचलूचो, मी मनगट दोनदा दाबूचा, मगे तेना माका पाठीर सोडूचो. असा आमचा ठरलेला. त्या दिवशी तेचो हात घामान सुटलो. मी दाबायच्या आधी पडलंय."

सदानंद म्हणाला, "म्हंजे सगळा ठरलेला आसता?"

"सगळा. मी आठ वर्सां पडान खाल्लंय, सदा. नेमून पडूचा, लोकांनी टाळये वाजवूचे. मगे मालकाच्या मनात इला, तसो चार वर्सां जिंकलंय. ता पण नेमून. आमच्यातलो एक आता भायखळ्याक केळी इकता. दुसऱ्याक आयकाक येणा नाय. आणि तिसरो रंगूनच्या हाटेलात सकाळी उठलोच नाय. पण चित्रां सगळ्यांची झकास." तो हसला. "अजून सलूनात आसत."

"मग दत्तारामाकव सांग. नेमून खेळा. कोणाक कळाचा नाय."

सत्यवानने मान हलवायचा प्रयत्न केला आणि अर्ध्यात थांबला. "नाय. बारा वर्सांत मी एकव खरी कुस्ती खेळूक नाय. मी खरो पैलवान आसय काय ताच माका ठावक नाय. आता हो पाय गेलोहा, हात चाललोहा. सा महिन्यांनी इचारूनव उपेग नाय. ही एक माका खरी खेळाक होयी. हरलंय तरी चलात."

"मरशीत तर?"

"तर मरान," सत्यवान म्हणाला आणि धोतर पिळू लागला. पिळताना त्याची बोटं निसटत होती.

पेंडवळच्या जत्रेत याआधी कधी कुस्ती झाली नव्हती. दशावतार होई, पालखी फिरे, नारळ फुटत. पण काही नवं मांडायचं तर ग्रामदैवत रवळनाथाला विचारल्याशिवाय मांडायचं नाही, हा गावचा रिवाज. विचारायचं म्हणजे कौल लावायचा. गुरव देवाच्या पाषाणी मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर फुलाची एकेक ओली पाकळी चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे वाट बघतात. उजवी पाकळी आधी पडली तर देवाचा होकार. डावी पडली तर नकार, आणि मग कुणाची प्राज्ञा नाही.

सदानंदला हे लहानपणापासून माहीत होतं, आणि कॉलेजात गेल्यापासून आणखी एक गोष्ट माहीत होती. पाकळी दगडाला धरून ठेवतो तो पाण्याचा पातळ थर. जिथे तो थर टिकत नाही तिथे पाकळी टिकत नाही.

त्या महिन्याची दिवाबत्तीची पाळी त्यांच्या घराकडे होती. समईत तेल घालायला सदानंद रोज सकाळी गाभाऱ्यात जाई. घराण्याचा मान म्हणून त्याला आत जाऊ देत. कौलाच्या दिवशी तो नेहमीप्रमाणे गेला. समई भरली, वात पुढे ओढली, आणि खोबरेलात बुडालेलं बोट देवाच्या डाव्या खांद्यावरून एकदा फिरवलं. इतकं हलकं, की दगड जरा काळसर दिसला एवढंच. त्याचा देवावर फारसा विश्वास नव्हता. तरी बाहेर येताना त्याने ते बोट सदऱ्याला दोनदा पुसलं.

दहा वाजता गाव जमलं. म्हातारा आप्पा गुरव पाकळ्या लावून हात जोडून उभा राहिला.

"बा रवळनाथा..."

"होय महाराजा!" गाव म्हणालं.

"तुज्या जत्रेक ह्या लेकरांनी नवो खेळ मांडूचो म्हटल्यानी हा..."

"होय महा—"

डावी पाकळी पडली. गुरवाचा प्रश्न अजून पुरा झाला नव्हता. ती घसरली नाही, हेलकावली नाही. सुटली आणि पायाशी पडली.

देवळात कुजबुज सुरू झाली. आप्पा गुरव मागे वळला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "असो कौल मी सत्तर वर्सांत बघूक नाय," तो म्हणाला. "देवान माका बोलाकव दिल्यान नाय."

सदानंदने दादाकडे पाहिलं. सत्यवान पाकळीकडे बघत नव्हता. तो सदानंदच्या हातांकडे बघत होता.

संध्याकाळी आई तुळशीपुढे दिवा लावायला गेली, तेव्हा सत्यवान ओटीवर सदानंदशेजारी येऊन बसला.

"काय लावलंस?"

"कशाक?"

"सदा, माका शिकव नको. जो नेमून पडता, तो फटको लागायच्या जरासो आधी पडता. कितीव सराव कर, ता जरासा रवताच. मी बारा वर्सां दुसरा काय केलंय? आज देवळात ती पाकळी तशीच पडली. आधी."

"खोबरेल," सदानंद म्हणाला.

सत्यवान इतका हसला की त्याला मान दोन्ही हातांनी धरावी लागली. "मेल्या, देवाक पण पाडलंस! माजो मालक असतो तर तुका नोकरेर ठेवतो." मग हसणं थांबलं. "पण माजी सगळी जिनगी लोकांनी नेमून दिली, सदा. कधी पडूचा, कधी उठूचा. ही एक माजी आसा. तू मधी येव नको."

दुसऱ्या दिवशी तो स्वतः गुरवाकडे गेला. भावाचं नाव घेतलं नाही. समईचं तेल देवाच्या अंगावर उडालं आहे असं वाटतं, देवाला न्हाऊ घालून पुन्हा विचारूया, एवढंच म्हणाला. असा कौल मानायला गुरवालाही जड जात होतं. त्याने शिकेकाई आणि कढत पाण्याने मूर्ती घासली, नव्या पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं पहिल्यापासून घातलं.

या वेळी काही घडेना. गाऱ्हाणं संपलं, लोकांच्या पायांना मुंग्या आल्या, एक मूल रडून गप्प झालं. सदानंद दगडाकडे बघत उभा होता. कोणती पाकळी आधी पडेल हे सांगायला आता त्याच्याकडे काही कारण नव्हतं. दोन्ही बाजू सारख्या होत्या. निम्मी शक्यता इकडे, निम्मी तिकडे. हे त्याने वर्गात मुलांना नाणं उडवून शिकवलं होतं, पण तेव्हा नाण्यावर कुणाची मान नव्हती.

पाव तासाने उजवी पाकळी हळूच एका टोकाला सुटली, लोंबकळली आणि पडली.

"होय महाराजा!" गाव गरजलं. आनंदीबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "देवान माज्या झिलाक जिंकवलो," ती शेजारणीला म्हणाली. कौल खेळ मांडण्यापुरता होता. खेळात काय होईल हे देवाला कुणी विचारलंच नव्हतं, हे एकट्या सदानंदला जाणवलं.

आखाडा देवळामागच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, केला. कुस्तीची सवय नसलेलं गाव; हौस दांडगी, पण माहिती कमी. भातशेतातली माती चाळून आणली, तीत हळद, ताक आणि तेल मिसळलं, वर गुलाल टाकला. दिसायला आखाडा सुंदर झाला. सदानंदने जाऊन त्यात काठी खुपसली. वीतभर आत जाऊन ती टणकन थांबली. खाली जांभा दगड होता.

"अरे, कोल्हापुराक कमरेइतकी माती आसता," तो म्हणाला.

"मास्तर, पैलवान काय मातयेत पेरूचे आसत?" एकजण म्हणाला आणि सगळे हसले. त्याने हट्ट धरला तेव्हा आणखी दोन गाड्या माती आली. काठी दीड वीत जाऊ लागली.

जत्रेच्या आदल्या दिवशी तो वरच्या वाडीत गेला. दत्ताराम काजूच्या बागेत बैठका मारत होता. सदानंदला बघून तो थांबला आणि पंच्याने तोंड पुसलं.

"मास्तर? बसा. नारळ काढू?"

"नको. दत्ताराम, एक सांगूचा हा. कोणाक बोलशीत नाय?"

त्याने सगळं सांगितलं. फिल्म, मणका, डॉक्टरांची चिठ्ठी. फक्त मुंबईच्या नेमलेल्या कुस्त्यांबद्दल तो बोलला नाही. दत्ताराम ऐकता ऐकता उकिडवा बसला होता.

"मग तेंका नाय म्हणान सांगा."

"आयकणा नाय. म्हणान तुका सांगतंय. मानेक हात लाव नको. पायांर खेळ. जिंक, पण पायांर."

दत्ताराम उठून उभा राहिला. "माजे वस्ताद म्हणतीत, हातचो राखून खेळणो म्हंजे समोरच्याचो अपमान. पण तुमी सांगतास तर..." त्याने मान डोलावली. "पायांर खेळतलंय."

सदानंद घरी परतला तो हलका होऊन. दादाने मधे येऊ नको म्हटलं होतं, ते त्याला आठवलं; पण आता आठवून काय उपयोग, असं म्हणून त्याने ते बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला ढोल वाजले. सडा माणसांनी काळा झाला होता. खारेपाटणपासून माणसं आली होती. सत्यवान आखाड्यात उतरला तेव्हा मातीत उमटलेला त्याच्या डाव्या पायाचा ठसा ओढल्यासारखा होता, पण ठसे बघायला कुणाला वेळ होता! त्याने माती उचलून कपाळाला लावली. दत्तारामने त्याच्या पायांना हात लावला आणि सलामी झाली.

पहिली काही मिनिटं दोघे एकमेकांना जोखत होते. मग दत्तारामने पाय ओढला. सत्यवान पडला, वळला, उठला. गाव ओरडलं. पुन्हा पाय. सत्यवानने या वेळी त्याला अंगाखाली घेतलं आणि क्षणभर वाटलं, तो जिंकतो. त्याच्या चेहऱ्यावर सदानंदने कधी न पाहिलेलं काहीतरी आलं. लहान मुलासारखी एकाग्रता. त्याला स्वतःच्या अंगात खरंच ताकद सापडली होती.

दत्ताराम निसटून त्याच्या पाठीमागे गेला. सत्यवानची मान उघडी पडली होती. कुठल्याही पैलवानाचा हात आपोआप तिथे गेला असता. दत्तारामचाही गेला, आणि मधेच थांबला. त्याने हात काढून घेतला आणि खाली पायाकडे नेला.

थोड्या वेळाने तेच पुन्हा घडलं.

गर्दीला काही कळलं नाही. सत्यवानला कळलं. तो बाजूला होऊन सरळ उभा राहिला आणि लोकांमध्ये उभ्या असलेल्या सदानंदकडे बघितलं. एकदाच. मग तो दत्तारामच्या अगदी जवळ गेला, काहीतरी बोलला, आणि सगळ्या गावादेखत त्याच्या थोबाडीत मारली.

ढोल थांबले. दत्तारामचा बाप पुढे उभा होता, त्याची आई होती, वाडीतली पोरं होती. दत्तारामचे कान लाल झाले. "दत्ताराम, नको!" सदानंद ओरडला, पण तोपर्यंत लोक ओरडू लागले होते आणि त्याचा आवाज त्यात गेला.

दत्तारामने एका हाताने सत्यवानचा दंड आवळला, दुसरा मानेभोवती टाकला, कंबर आत घातली आणि ढाक मारली. एवढं मोठं शरीर त्याच्या कमरेवरून वर गेलं, उलटं झालं आणि मातीत आलं.

आवाज फार मोठा झाला नाही. सत्यवान उताणा पडला होता, दोन्ही खांदे मातीला लागले होते. कुस्ती चितपट झाली होती. दत्तारामच्या वाडीने आरोळी ठोकली आणि पोरं आत धावली.

"थांबा रे, थांबा!" गिरणीत काम करणारा भाई मधे घुसून ओरडला. मुंबईहून जत्रेला आला होता तो. "हो असोच पडता! वरळेक मी सोता बघलंय. मेल्यासारखो पडता आणि मगे उठान धुता. मोजूक लागा, आता उठतलो बघा! एक!"

"दोन!" दहा-वीसजण हसत म्हणाले.

"तीन!" आता सगळा सडा म्हणाला. मागे बसलेली आनंदीबाईसुद्धा हसत म्हणाली.

सदानंद आखाड्यात धावला. "हात लावू नकात! कोणी हात लावू नकात तेका!" दत्ताराम एका जागी उभा होता, तो एकटाच मोजत नव्हता. सदानंद मातीत गुडघ्यांवर बसला. सत्यवानचे डोळे उघडे होते, श्वास उथळ आणि भरभर चालला होता. ओठांवर माती होती.

"सदा."

"हय आसय. हलू नको."

"तू सांगलंस तेका."

"होय. मी सांगलंय."

"पाच!" लोक म्हणाले.

सत्यवानने डोळे मिटून उघडले. "पण शेवटची ढाक... ती तेना राखूक नाय मा? खरी होती?"

सदानंदने वर पाहिलं. दत्ताराम स्वतःच्या दोन्ही हातांकडे बघत उभा होता.

"खरी होती, दादा. पुरी."

"बरा झाला." सत्यवानच्या चेहऱ्यावर समाधान आलं, आणि मग त्यामागून हळूहळू दुसरं काहीतरी येऊ लागलं. तो डोळे इकडे तिकडे फिरवू लागला. "सदा, माजे हात खंय आसत बघ रे. मातयेखाली गेले काय?"

"सात!" गाव म्हणालं.

सदानंदने ते दोन्ही हात आपल्या हातांत घट्ट धरले होते.